पोस्टरच्या आधीचे आठवडे

परिसरातील एखादी समस्या निवडा, तिचा अभ्यास करा आणि उपाय सुचवा, असे विद्यार्थ्यांना सांगितले की साधारणपणे आठवडाभरात एक पोस्टर तयार होऊन येते. त्यावर ठळक अक्षरांत एखादे घोषवाक्य असते, खाली हात जोडलेले चित्र असते आणि सोबतच्या अहवालाच्या शेवटी 'जनजागृती करणे गरजेचे आहे' हे वाक्य हमखास असते. मी स्वतः कित्येक वर्षे असे अहवाल तपासले, त्यांना चांगले गुण दिले आणि मुले समाजाभिमुख होत आहेत असे समाधानही मानले. पुढे लक्षात आले की या सगळ्यात समस्येचा अभ्यास असा कोणी केलेलाच नव्हता. समस्येचे नाव घेतले की उपाय आपोआप सुचत होता, कारण तो आधीपासूनच तयार होता.

हे उमगण्याचे निमित्त अगदी घरचे होते. शाळा सुटताना फाटकाजवळ होणारी कोंडी हा विषय एका गटाने घेतला होता. पालक बेशिस्तपणे वाहने उभी करतात हे त्यांनी गृहीत धरले, 'शिस्त पाळा' असे फलक रंगवले, दोन दिवस फाटकापाशी ते हातात धरून उभे राहिले आणि काम संपले. कोंडी होती तशीच राहिली. पुढच्या वर्षी तोच विषय मी दुसऱ्या गटाला दिला, मात्र एक अट घातली, की पहिले सहा आठवडे उपाय हा शब्द वहीत लिहायचा नाही. मुले वैतागली. नाइलाजाने त्यांनी मोजायला सुरुवात केली. दर पाच मिनिटांनी फाटकातून किती मुले बाहेर पडतात, किती वाहने येतात, एक वाहन सरासरी किती वेळ थांबते याच्या नोंदी साचत गेल्या. दुसऱ्या आठवड्यातच त्यांना दिसले की वाहने बराच काळ थांबतात ती पालकांच्या हौसेने नव्हे. सर्व वर्ग एकाच घंटेला सुटतात, फाटकाचे एक दार कायम बंद असते आणि आपले मूल गर्दीतून बाहेर येईपर्यंत पालकाला थांबण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे कारण शाळेच्या वेळापत्रकात होते आणि आदल्या वर्षीचे फलक पालकांकडे तोंड करून उभे होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या म्हणीचा अर्थ त्या वर्गाला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की या प्रकारच्या शिक्षणात शिकण्यासारखे जे काही आहे ते समस्या आणि उपाय यांच्या मधल्या जागेत आहे, आणि आपण शिक्षक नेमकी तीच जागा सर्वांत घाईने ओलांडतो. वेळापत्रक आपल्याला ढकलत असते, प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, आणि खरे सांगायचे तर मधल्या त्या अनिश्चित आठवड्यांत वर्गासमोर उभे राहणे आपल्यालाही अवघड जाते, कारण उत्तर आपल्याजवळही नसते.

विषय निवडण्यापासूनच हे सुरू होते. 'प्रदूषण', 'बेरोजगारी', 'पाणी' हे विषय नव्हेत, ती प्रकरणांची शीर्षके आहेत. विद्यार्थ्याला वही, घड्याळ आणि पायी जाता येईल एवढे अंतर या साधनांनिशी ज्याचे उत्तर काढता येईल, असा प्रश्न त्यातून कोरून काढावा लागतो. 'आपल्या भागात ध्वनिप्रदूषण आहे का' यापेक्षा 'वाचनालयात बसणाऱ्यांना दिवसातील कोणत्या तासांत आवाजाचा सर्वाधिक त्रास होतो आणि तो आवाज कुठून येतो' हा प्रश्न कितीतरी उपयोगी आहे. प्रश्न स्वीकारण्यापूर्वी मी तीन गोष्टी पाहते. मुलांना स्वतःच्या हाताने काही मोजता किंवा पाहता येईल का, त्याविषयी निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती त्यांच्या आवाक्यात आहे का, आणि उत्तर आधीच ठाऊक तर नाही ना. तिसरी कसोटी माझ्यासाठी आहे. उत्तर मला ठाऊक असेल तर मी नकळत मुलांना त्याच्याकडे हाकत नेते, आणि मुलेही इतकी हुशार असतात की शिक्षकाच्या चेहऱ्यावरून ते वाचून घेतात.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिची कल्पना त्यांनी शेरी आर्नस्टाइन यांच्या 1969 मधील नागरिक सहभागाच्या शिडीवरून घेतली होती. हार्ट यांच्या शिडीच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना नकळत आपल्या हेतूसाठी राबवून घेणे, त्यांना सजावटीसाठी वापरणे आणि नावापुरते सामील करून घेणे. या तिन्हींना त्यांनी सहभाग मानलेच नाही. मी ही शिडी पहिल्यांदा वाचली तेव्हा आपले जुने फलक कोणत्या पायरीवर बसतात हे मनाशी ठरवायला फार वेळ लागला नाही. मुलांनी ते रंगवले होते, धरले होते, पण काय रंगवायचे हे त्यांनी ठरवले नव्हते. योगायोगाने हार्ट यांच्या आधी तीनच वर्षे, 1989 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व समज पाहून योग्य वजन मिळण्याचा हक्क दिला होता. मत मांडू देणे एका परीने सोपे आहे. वजन द्यायचे तर त्या मताच्या पाठीशी काहीतरी असावे लागते, आणि ते कसे उभे करायचे हे शिकवणे हे आपले काम आहे.

पुरावा कसा उभा राहतो हे दाखवण्यासाठी मी वर्गात एकच गोष्ट सविस्तर सांगते. ती सर्वत्र सांगितली जाते, पण बहुधा चुकीच्या ठिकाणी संपवली जाते. 1854 च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची भयंकर साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. रोग दूषित हवेने पसरतो अशी तेव्हाची प्रबळ समजूत होती. डॉ. जॉन स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी मृतांच्या घरांची चौकशी केली, ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपावर बोट ठेवले, आणि 8 सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पाठ्यपुस्तकांतील गोष्ट इथे संपते: डॉक्टरांनी नकाशावर ठिपके काढले, पंप सापडला, दांडा निघाला, साथ थांबली.

वर्गात मी इथून पुढे सुरुवात करते. पहिली गोष्ट अशी, की तो प्रसिद्ध नकाशा दांडा काढल्यानंतर तयार झाला. तो शोधाचे साधन नव्हता, शोध इतरांना पटवण्याचे साधन होता. दुसरी गोष्ट, स्नो यांचे खरे कौशल्य ठिपक्यांच्या गर्दीत नव्हते, अपवादांत होते. पंपापासून जवळच एक अनाथ-निराधारांचे वसतिगृह होते. तेथील 535 रहिवाशांपैकी पाचच मरण पावले, कारण तिथे स्वतःची विहीर होती. जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार वाचले, कारण ते पंपाचे पाणी पीतच नव्हते. उलट बाजूला, दूरच्या हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली, तेव्हा चौकशीत कळले की तिला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडायचे म्हणून ती ते मुद्दाम मागवत असे. पंपाजवळ असून जे वाचले आणि दूर असून जी गेली, त्यांनी पाण्याचा मुद्दा घट्ट केला. दूषित हवेच्या सिद्धान्ताला या अपवादांचे उत्तर देता येत नव्हते.

तिसरी गोष्ट हेन्री व्हाइटहेड यांची. ते त्याच वस्तीतील तरुण धर्मोपदेशक होते आणि स्नो यांचे म्हणणे त्यांना पटले नव्हते. ते खोडून काढावे या हेतूने त्यांनी स्वतः घरोघरी चौकशी केली. माणसे त्यांना ओळखत होती, त्यामुळे अनोळखी डॉक्टरला मिळाली नसती अशी माहिती त्यांना मिळाली. शेवटी त्यांचेच मत पालटले, आणि पंपाशेजारच्या घरातील एका आजारी बाळापासून ही साथ सुरू झाली असावी हा दुवाही त्यांनीच शोधला. बाळाचे कपडे धुतलेले पाणी ज्या मलकुंडात गेले ते विहिरीला जवळजवळ लागूनच होते. आणि चौथी, मुलांना सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, आणि हे स्नो यांनी स्वतः मान्य केले होते. कित्येक माणसे ती वस्ती सोडून गेली होती. म्हणजे दांडा काढणे योग्यच होते, पण साथ त्यामुळेच थांबली असे म्हणता येत नाही.

या चौथ्या गोष्टीवर वर्गात दर वर्षी वाद होतो आणि तो मी लांबू देते. एखादी परिस्थिती अगदी टोकाला गेल्यावर आपण उपाय करतो, आणि टोकाला गेलेली गोष्ट पुष्कळदा आपल्या आपणच खाली येते. अशा वेळी श्रेय उपायाला द्यायचे की काळाला, हा प्रश्न पुढे मुलांच्या स्वतःच्या कामात येतोच. फाटकाच्या गटाने वर्ग दहा मिनिटांच्या अंतराने सोडण्याची सूचना केली, ती मान्य झाली आणि गर्दी कमी झाली. त्याच आठवड्यात वरच्या वर्गांची परीक्षा सुरू होती. गटातील एका मुलीनेच ते दाखवून दिले आणि परीक्षा संपल्यावर पुन्हा मोजावे लागेल असे म्हणाली. बाकीचे तिच्यावर चिडले. मला मात्र त्या वर्षातील तो सर्वांत चांगला तास वाटला.

मोजण्याविषयी थोडे. मुलांना आकडे आवडतात, पण आकडा कशाने भागायचा याचा विचार ती करत नाहीत. एका चौकात दुसऱ्या चौकापेक्षा दुप्पट अपघात होतात म्हणून तो अधिक धोकादायक ठरत नाही, तिथून चौपट वाहने जात असतील तर तो उलट सुरक्षित असू शकतो. आणखी एक खोड म्हणजे तयार आकडा उचलणे. गळक्या नळातून दिवसाला किती पाणी वाया जाते हे एका गटाने इंटरनेटवर शोधले, तेव्हा निरनिराळी उत्तरे मिळाली. कारण साधे आहे. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे 86,400 थेंब होतात. एका मिलिलीटरमध्ये 20 थेंब मानले तर पाणी सव्वाचार लिटरांच्या आसपास भरते, आणि चारच थेंब मानले तर एकवीस लिटरांच्या पुढे जाते. शेवटी त्यांनी नळाखाली मोजपात्र ठेवले. अर्ध्या तासात जे कळले त्यासाठी दोन दिवस शोधाशोध झाली होती.

प्रश्नावली हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मुलांनी तयार केलेल्या पहिल्या प्रश्नावलीत 'तुम्हाला असे वाटत नाही का' या शब्दांनी सुरू होणारे प्रश्न असतात, किंवा 'पाणी आणि वीज वेळेवर मिळते का' असा एकात दोन प्रश्न असतो, ज्याला 'नाही' म्हणणाऱ्याची अडचण नेमकी कोणती हे कधीच कळत नाही. ती शाळेच्या वेळात लोकांना भेटतात, त्यामुळे कामावर गेलेली माणसे नोंदीतून गळतात. यावर माझा उपाय असा, की प्रश्नावली बाहेर नेण्यापूर्वी गटाने ती एकमेकांवर आणि घरच्यांवर चालवून पाहायची आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'याचे उत्तर कळल्याने आपण काय वेगळे करू' हे लिहायचे. निम्मे प्रश्न तिथेच गळतात.

शब्द कोणाचे वापरायचे हेही महत्त्वाचे. एका गटाने वस्तीत 'पाणीटंचाई आहे का' असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी नाही म्हटले आणि मुले निराश होऊन परतली. दुसऱ्या खेपेस त्यांनी 'पाणी येण्याची वाट पाहण्यात दिवसाचा किती वेळ जातो' एवढेच विचारले, तर बायका अर्धा अर्धा तास बोलत राहिल्या. टंचाई हा अहवालातला शब्द होता, वाट पाहणे हा त्यांच्या दिवसातला. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रौढांना साक्षर करण्याचे काम केले, तेव्हा त्यांचे सहकारी आधी त्या वस्तीत जाऊन लोकांच्या बोलण्यातील शब्द गोळा करत आणि 'वीट' यासारख्या रोजच्या, जिव्हाळ्याच्या शब्दांपासून अक्षरे शिकवत. 1963 मध्ये आंजिकोस येथे सुमारे तीनशे जण अशा वर्गांत शिकले. शिकवण्याआधी ऐकणे हा तिथे पद्धतीचाच भाग होता, सौजन्याचा नव्हे.

काही विषय मी देत नाही. ज्यात एखाद्या कुटुंबाची झाकलेली गोष्ट उघडी पडेल, ज्यात बलवान माणसाशी मुलाची एकट्याने गाठ पडेल, किंवा ज्याची माहिती इतक्या थोड्या लोकांची आहे की नाव न लिहिताही माणूस ओळखू येईल, असे विषय कितीही महत्त्वाचे असले तरी शाळकरी संशोधनाचे नाहीत. ज्याची मुलाखत घ्यायची त्याला कशासाठी विचारतो आहोत हे आधी सांगायचे, नको म्हणण्याची मोकळीक द्यायची आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढायचे नाही, एवढे नियम पुरतात, पण ते पाळायचे.

माहिती हाती आल्यावर कारणांकडे वळायचे. 'का' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत खाली उतरण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. तिची एक अडचण अशी की चौथ्या किंवा पाचव्या 'का'ला मुले 'लोकांची मानसिकता' या उत्तरापाशी पोहोचतात आणि तिथे सुखाने बसतात. माझ्या वर्गात हा शब्द बंद आहे. मानसिकता म्हटले की पुढे करण्यासारखे फक्त पोस्टरच उरते. कचरा रस्त्यावर पडतो तो मानसिकतेमुळे की पेटी चारशे पावलांवर आहे म्हणून, हे पावले मोजून पाहता येते. लोकांना माहीत नाही, जमत नाही, परवडत नाही की त्यांना ते करायचेच नाही, ही चार वेगळी कारणे आहेत आणि माहिती देण्याने यांपैकी फक्त पहिले दूर होते.

कृतीचा टप्पा आला की मी गटाला एकच प्रश्न विचारते: या गोष्टीवर सही कोणाची लागते? बहुतेक अहवाल 'शासनाने लक्ष द्यावे' अशा हवेत सोडलेल्या वाक्याने संपतात. ज्या कार्यालयात तो कागद जाईल तिथे लक्ष देणारा एक माणूस असतो, त्याच्या अधिकाराला मर्यादा असते, त्याच्याकडेही कारणे असतात. मुलांनी पत्र एका पानाचे लिहावे, त्यात एकच मागणी असावी, तिच्यासाठी सर्वांत भक्कम असा एक आकडा असावा आणि उत्तर कधीपर्यंत हवे ते नम्रपणे लिहिलेले असावे. भेट मिळाली तर पहिला प्रश्न 'हे करण्यात आपल्याला अडचण कोणती येते' हा असावा. या एका प्रश्नाने भेटीचा सूर बदलतो. वस्तीतील अंधाऱ्या रस्त्याच्या कामात मुलांना असे कळले की दिवे मंजूर होते, खांब कोणाच्या हद्दीत उभे करायचे हे ठरत नव्हते. मग मुलांनी हद्दीचा कच्चा नकाशा करून दिला. दिव्यांची मागणी करणारे अर्ज त्या कार्यालयाकडे आधीही पुष्कळ आले असतील.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1946 मध्ये कृतिसंशोधनाची, म्हणजे प्रत्यक्ष बदल करून पाहत अभ्यास करण्याची, कल्पना मांडली, तेव्हा योजना, कृती आणि कृतीच्या परिणामांचा शोध अशी फेऱ्याफेऱ्यांनी पुढे जाणारी वाट त्यांच्या डोळ्यांसमोर होती. शाळेत पहिली फेरी कशीबशी होते, दुसरी होत नाही, कारण वर्ष संपते. यावर दोष द्यायचा तर तो वेळापत्रकाला आणि काही अंशी आमच्या हौसेलाही द्यावा लागेल. एका वरिष्ठांनी मला स्पष्टच सांगितले होते, की मोजणी वगैरे ठीक आहे, पण समारोपाला छायाचित्रे चांगली यायला हवीत. हार्ट यांच्या शिडीवरची सजावटीची पायरी मला त्या क्षणी आठवली, बोलले मात्र काही नाही.

गुणदान हा या सगळ्यातील अवघड भाग आहे. काम यशस्वी झाले म्हणून जास्त गुण द्यायचे तर मुले सोपे विषय निवडतील, आणि पत्राला उत्तर न येणे हा काही त्यांचा दोष नसतो. मी आता नोंदवही तपासते. तिच्यात तारखा आहेत का, मोडलेली मोजणी खोडून न टाकता ठेवली आहे का, आणि 'आधी आम्हाला असे वाटत होते, आता असे वाटते, कारण' या ओळीखाली किती वेळा काही लिहिले आहे, हे पाहते. पहिल्या वर्षी ती ओळ बहुतेकांनी कोरी सोडली होती. मत बदलले असे लिहिणे म्हणजे आधी चुकलो असे कबूल करणे, आणि त्याला गुण मिळतात यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. आपण वर्षानुवर्षे त्यांना उलटेच शिकवलेले असते.

दुसऱ्या फेरीसाठी अलीकडे मी एक व्यवस्था केली आहे. नोंदवह्या रद्दीत जात नाहीत, पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती जातात, आणि त्या वर्गाचे पहिले काम नवा विषय निवडणे नसून जुन्या वहीतील एक मोजणी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच रीतीने पुन्हा करणे असते. फाटकाची वही आता तिसऱ्या वर्गाकडे आहे. दहा मिनिटांच्या अंतराची शिस्त हळूहळू पाच मिनिटांवर आली आहे असे त्यांच्या नोंदींत दिसते, बंद दार मात्र उघडे झाले आहे, आणि ते कोणी, कधी उघडले हे कोणत्याच वहीत नाही. त्याची चौकशी सध्या चालू आहे.